कोरड्या तळ्याच्या तीन खुणा

२ एप्रिल २०२५, भडगाव

सोनलचं पाकीट आलं. शनीच्या टायटन नावाच्या चंद्राची तेरा चित्रं – यानानं रडारनं टिपलेली, काळीपांढरी. लेक जळगावला कॉलेजात शिकवते. तिथले काही जण त्या चंद्रावरची आटून गेलेली जुनी तळी शोधताहेत. हिनं त्यांना सांगितलं, माझे वडील चौतीस वर्षं कालव्याचं पाणी सोडणारे पाटकरी होते, गेलेलं पाणी त्यांना कळतं. पोरगी बढाया मारते. पण बरं वाटलं!

तिथं दगडाच्या जागी बर्फ. वाहतं तेही पाणी नव्हे, गारठ्यानं पातळ झालेला गॅस. असो. उतार असला की वाहणार, खळगा असला की साचणार. तेवढं मला कळतं.

५ एप्रिल

भिंग घेऊन तीन तास बसलो. नियम ठरवला – तीन खुणा मिळाल्याशिवाय तळं म्हणायचं नाही. काठाची रेघ हवी, आत येणारा नाला हवा, आणि गाळ बसून सपाट झालेला तळ हवा. नुसत्या एका खुणेवर कुठलाही खड्डा तळ्यासारखा दिसतो. सातव्या चित्रात काठ आहे, तळ आहे, नाला नाही. खोडलं.

बायको, भिकुबाई, म्हणाली, शनी आपल्या मागे लागलाय तो काय कमी आहे, म्हणून तुम्ही त्याच्या चंद्रामागे लागलात!

९ एप्रिल

कुंभाराच्या दारात लाल घागरी मांडल्यात. आखाजी – अक्षय्य तृतीया – एकवीस दिवसांवर. घरोघर गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतील, वर डांगर – खरबूज – ठेवतील, चुलीत त्याच्या नावाच्या घासाची आगारी टाकतील.

आमच्या जगदीशची घागर भरलेली नाही. दोन आखाज्या गेल्या. गिरणेला पूर होता, त्यानं नदीवरच्या फरशीपुलावरून मोटारसायकल घातली. गाडी सापडली, पोरगा नाही. एकच खूण ती. एका खुणेवर घागर कशी भरायची?

भिकुबाईच्या काळजाला घोर नको म्हणून मी घरात घागरीचं नाव काढत नाही. रोज संध्याकाळी तेवढं विचारतो, जगदीशची भाकर टाकली ना? ती मान हलवते. तिला धीर वाटावा म्हणून विचारतो.

१४ एप्रिल

चित्र अकरा. नाला आहे! काठही आहे. तळावर सावली, काही दिसत नाही.

१९ एप्रिल

वना भोई आला. नदीच्या खालच्या अंगाला बंधाऱ्याची दारं काढलीत, तळ उघडा पडलाय. मासे धरायला उतरला होता. पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. गाळ खरवडला तर झाकणावर कोरलेलं – जगदीश. दहावी पास झाला तेव्हा मीच नाव टाकून आणलेला. पुराच्या दिवशी भिकुबाईनं त्यातच भाकर बांधून दिली होती.

वना हळूच म्हणाला, "नाना, अक्काले सांगू का?"

नको म्हटलं. तिला झेपायचं नाही.

डबा उघडला नाही. चित्रांच्या पेटीत तळाशी ठेवला. दोन खुणा झाल्या. नियम तीनचा आहे.

२० एप्रिल

जेवण गेलं नाही. भाकरीचं विचारलं.

२३ एप्रिल

बंधाऱ्यावर जाऊन आलो. गाळ भेगाळलाय. भिंतीवर पाणी उतरल्याच्या रेघा, एकाखाली एक. फरशीकडून येणारी धार इथं वळते, मंदावते, आणलेलं सगळं इथंच टाकते. पाटकऱ्याला हे सांगावं लागत नाही.

आता लिहूनच टाकतो. पुराच्या चौथ्या दिवशी शोधणारी माणसं आली होती. नाना, तुम्हाला नदी ठाऊक, कुठं बघू? मी त्यांना वरच्या डोहाकडे नेलं. दिवसभर वरच फिरवलं. लोकांना वाटलं, बाप खचलाय, चुकला असेल. चुकलो नव्हतो. खाली सापडेल हे मला माहीत होतं – म्हणून वर नेलं.

हे भिकुबाईला कधी कळू नये.

२६ एप्रिल

सोनलचा फोन. अकराव्या जागेचं दुसऱ्या बाजूनं टिपलेलं चित्र मिळालंय. तळ सपाट! म्हणाली, "नाना, तिन्ही खुणा जुळल्या. तळंच होतं." आवाजात आनंद मावत नव्हता.

मी म्हटलं, घाई करू नको, आणखी चित्रं येऊ दे. ती म्हणाली, नियम तुमचाच होता.

३० एप्रिल, आखाजी

उठलो तर चुलीजवळ लाल घागर, काठोकाठ भरलेली. वर डांगर. शेजारी पेटीतला डबा, राखेनं घासून लख्ख केलेला.

विचारायला तोंड उघडलं, तर भिकुबाई पाठमोरीच म्हणाली, "माले बठ्ठं माहीत शे. वरना डोहबी माहीत शे. तुमनाकरता थांबेल व्हतू."

दोन आखाज्या ती माझ्यासाठी थांबली होती. आगारी मी टाकली. सोनलला कळवलं, अकरावं तळंच आहे. संध्याकाळी भाकरीचं विचारलं नाही.