गार्डच्या घड्याळातलं चाक

रोहा, मंगळवार, संध्याकाळी

आज निडीहून सुमन आली होती. तिचे वडील रेल्वेत गार्ड. ते गेल्यावर त्यांचं खिशातलं घड्याळ तिने माझ्याकडे दुरुस्तीला दिलं, त्याला तीन वर्षं झाली. स्प्रिंग मिळत नाही, राहू दे इथेच, असं मी सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. पण त्याच आठवड्यात त्यातलं बॅलन्सचं चाक, ज्याच्यावर टिकटिक चालते ते, काढून मी माझ्या संग्रहातल्या चांदीच्या रेल्वे-घड्याळात बसवलं, ते कुठे सांगितलं?

"काका, बंद असलं तरी द्या. आई आजारी हाय, तिला उशाशी पायजे."

मी काय केलं? चांदीचं घड्याळ पुढे केलं. हे चालतंय, हेच ने, म्हणालो. तिने ते कानाला लावलं. ऐकत होती ते तिच्या बाबांचंच चाक!

"छान हाय. पण बाबांचं नाय."

मग त्यांचं काढून दिलं. तिने मागचं झाकण उघडलं.

"इथं एक चाक होतं ना? लहानपणी बाबा दाखवायचे."

"गंजलं होतं. टाकलं."

हे माझ्याच तोंडून निघालं. अर्ध्या तासाचं काम होतं, थांब म्हणालो असतो तर चाक परत बसवता आलं असतं. पण मग चांदीचं बंद पडलं असतं. तेवढ्यासाठी खोटं बोललो?

तिला खरं वाटलं. "एवढी वर्षं सांभाळलंत, काका," म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली.