चेंडूला मनाई, कोबीला नाही

चंदू, पोरीला फोनवर "बाळ, फायनलआधी पूर्ण विश्रांती घे" असं सांगायची तुला काय गरज पडली होती? पीटीचे मास्तर होतास म्हणून निवृत्त झाल्यावरही सगळ्या जगाला शिट्टी वाजवून झोपवणार आहेस का?

आता जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? माझ्या भावजयीची, नंदाची शुगर कशी आहे? आम्ही इथे परदेशात, टॅम्पिनीसला नवव्या मजल्यावर बरे आहोत. माझे सहाच दात उरलेत, पण बोलायला पुरतात. (फोनच केला असता, पण फोनवर तूच बोलतोस आणि स्पीकर लावून शेजाऱ्यांनाही ऐकवतोस. म्हणून चौथीपर्यंतच्या शिक्षणावर कागद घेतला. अक्षराला हसलास तर कराडला येऊन कान धरीन.)

तर ऐक. आपली नात प्रणिता कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोलकीपर आहे, म्हणजे अकरा जणींत चेंडूला हात लावायची परवानगी असलेली एकटी. फायनलच्या आधीचा सामना ज्यांच्याशी होता त्या कॉलेजच्या निम्म्या पोरींना कांजिण्या झाल्या. सामना रद्द, आपल्या पोरी फुकटात फायनलला. पुढे बारा दिवस काही खेळच नाही. फायनलच्या समोरच्या संघाने त्याच बारा दिवसांत सरावाचे तीन सामने खेळून घेतले. आमच्या कोचला मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. म्हणाला, चेंडूला हात लावू नका, पाय लावू नका, आराम करा, ताज्या होऊन या. त्यात तुझा फोन. सुलेखा तर खूशच. (सूनबाईंना फुटबॉल मुळातच नको आहे. पाया लेबार नावाच्या भागात तिचं ऑफिस आहे, तिथे कोणाचीशी मुलगी पायावर पडून अभ्यासात मागे पडली म्हणे. पायावर पडून अभ्यासात मागे कसं पडतात ते मला कळलं नाही, पण मी सासू, विचारायची सोय नाही.)

मी चार दिवस गप्प बसले. तू हसू नकोस, खरंच बसले. पण चंदू, मी वीस वर्षं बांधकामावर विटा झेलल्यात. खालचा गडी वर फेकणार, परांचीवरून मी झेलणार आणि वरच्याला देणार. दिवसाला हजार वीट. त्या कामात एक गोष्ट शिकले, ती तुझ्या पीटीच्या पुस्तकात नसेल. सुट्टीनंतरच्या दिवशी पहिली वीट नेहमी पायावर पडते. हात ताजा असतो, पण वीट विसरलेला असतो. मुकादमालाही हे ठाऊक होतं, त्या दिवशी तो खाली उभाच राहायचा नाही.

पाचव्या दिवशी मी पोरीला घेऊन बिल्डिंगच्या खाली गेले. तिथे खांबांमध्ये मोकळी जागा असते आणि भिंतीवर पाटी असते. इंग्रजी मला येत नाही, पण चित्र कळतं. चेंडू काढलाय आणि त्यावर लाल रेघ. कोचचीही चेंडूला मनाई, पाटीचीही मनाई. मी पिशवीतून कोबी काढला. प्रणिता म्हणाली, "आज्जी, सीरियसली?" मी म्हटलं, झेल. पहिला कोबी तिच्या पायावर पडला. (सांगितलं होतं ना?)

आठ दिवस मी कोबी फेकले. उजवीकडे, डावीकडे, खाली, डोक्यावरून. बाजारातली चिनी भाजीवाली विचारायला लागली, "ऑंटी, एव्हरीडे कॅबेज, यू ओपन रेस्टॉरंट आह?" एकदा ब्लॉकवर देखरेख करणारा माणूस आला आणि पाटीकडे बोट दाखवून "ऑंटी, कॅनॉट लाह" म्हणाला. मी कोबी त्याच्या हातात दिला. त्याने पाटीकडे पाहिलं, कोबीकडे पाहिलं, कोणाला तरी फोन लावला, बराच वेळ बोलला आणि कोबी परत देऊन निघून गेला. कायद्याचा माणूस होता, मला आवडला. घरात मात्र कोबीची भाजी, कोबीची भजी, कोबीचं थालीपीठ. चौथ्या दिवसापासून आमचे रत्नदीपराव बेडोकच्या हॉकर सेंटरला जेवूनच घरी यायला लागले. आईचा मुलगा, पण पोटाचा आधी.

फायनलला मी गेले होते. सगळा खेळ संपला तरी दोन्हीकडे शून्य. मग दोन्हीकडच्या पाच-पाच पोरींनी एकेक चेंडू मारायचा असं ठरलं. आमच्या ताज्यातवान्या, आराम केलेल्या पाच जणींपैकी तिघींनी चेंडू गोलाच्या वरून पार आभाळात घातले. समोरच्या थकलेल्या पोरींचा एकही चेंडू बाहेर गेला नाही. पण पाचातले दोन माझ्या नातीने असे धरले, असे धरले चंदू, की एकदा तर मी उभी राहून "कोबी!" म्हणून ओरडले. आपण तीन-दोनने हरलो. सुलेखाने डोळे पुसले, मी नाही पुसले. हरलेल्या संघाच्या गोलकीपरचा हात धरायला जिंकलेल्यांचा कोच मैदान ओलांडून आला, ते बघायचं सोडून डोळे काय पुसायचे? अकरा जणींत एकटीचे हात जागे होते, आणि ते माझ्या घरातले होते.

बाकी ठीक. गुडघ्याला तेल लाव.

तुझी आक्का
लीलाबाई

ता. क. त्या आठ दिवसांतले तीन दिवस पोरगी दहापर्यंत झोपली होती. सुलेखाने उठवू नये म्हणून मीच दाराशी खुर्ची टाकून बसले. गडी दमला की वीट सुटते, हेही मला ठाऊक आहे. म्हणजे कोबी पाचच दिवस. हे कोणाजवळ बोललास तर मी नाही म्हणेन.

ता. क. दुसरं. सामना बघायला एका मोठ्या क्लबची बाई आली होती. तिने प्रणिताला डिसेंबरच्या शिबिराला बोलावलंय. नाव वीस तारखेच्या आत द्यायचंय. पोरगी रोज मोबाइलमध्ये ती चिठ्ठी उघडून बघते आणि बंद करते. आणि सुलेखा काय म्हणते माहीत आहे? "मामाच म्हणाले ना, शरीराला विश्रांती हवी. आता वर्षभर विश्रांती." तुझंच वाक्य! माझं ती ऐकत नाही, तू शिकलेला, तुझं ऐकते. तेव्हा आजच्या आज तिला लिही की मामांनी सांगितलेली विश्रांती बारा दिवसांची होती, ती संपली, आता पोरीने खेळावं. मोठ्या अक्षरात लिही आणि खाली मास्तर म्हणून सही कर. मला उत्तर लिहायला बसू नकोस, त्यात वेळ जाईल. तू पत्र पेटीत टाकलंस की नाही, ते मला नंदानं कळवायचं.