पित्त म्हणत होता

पाथरी, मंगळवार, दिवेलागण

माझं मयताच्या सामानाचं दुकान. पूर्वी गिऱ्हाईक सांगायचं, "पान लागलं," म्हणजे साप चावला. नाहीतर हगवण, नाहीतर बाळंतपण. आता सगळ्यांचं एकच, अटॅक. आणि पुढं ठरलेलं, "पित्त म्हणत होता, सोडा पिऊन झोपला."

आज शेजारच्या टेलरचा भाऊ आला. "शेठ, दादा गेला. पित्तच म्हणत होता हो." मी कफनाचं कापड फाडलं. रडू न्हाई, काही न्हाई. परवाच टेलर म्हणाला होता, "मला तरी फुकट देशील का, कंजूस?"

चार दिवस माझीही छाती जड आहे. बायकोला मीही पित्तच सांगितलं. का सांगितलं? आत्ता तिला खरं बोललो. ती दारातून ओरडायलीय, "वहीत खरडणं आल्यावर करा! दवाखान्यात न्यायला जीप थांबलीय, उठा!"