डावीकडे समुद्र

१० जाने., शनि.
डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आलो. ह्यांचा डावा डोळा गेलाच होता, आता उजव्याचंही खरं नाही. दोन-तीन महिने, म्हणाले. वर गोड आवाजात, काय बघायचं राहिलंय ते बघून घ्या.
घरी चपला काढता काढता हे म्हणाले, "दादाच्या सहस्रचंद्रदर्शनाला कोल्हापूरला जायचंच आहे, तर ह्या वेळी किनाऱ्याने जाऊ. शशी, तुझा तो समुद्र एकदा डोळे भरून बघावा म्हणतो."
तुझा तो समुद्र!
मी कुकर लावला.

११ जाने., रवि.
बत्तीस वर्षं बेंगळूर-कोल्हापूर केलं, रस्ता एकच. तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव. प्रत्येक खेप ह्यांच्या वहीत. कितीला निघालो, कितीला पोचलो. रेकॉर्ड साडेदहा तास. ते टिकावं म्हणून मला सकाळपासून पाणी प्यायची बंदी. "तुझ्यामुळे थांबावं लागतं."
कारवारला माहेरी आई एकटी असायची. वाटेत कारवार करू या म्हटलं की, "ते वाटेत नाही, शशी. नकाशा बघ." शेवटच्या वर्षी ती अंथरुणावर होती. मी हात जोडले, मुलाच्या, निखिलच्या देखत. "परत येताना बघू." परत येताना ह्यांची रजा संपली. श्रावणात आई गेली.
त्या खेपेचीही नोंद आहे. अकरा तास पाच मिनिटं. पाऊस.
आणि आता समुद्र. वरातीमागून घोडं.

१३ जाने., मंगळ.
निखिलने फॅमिली ग्रुपवर मतदान ठेवलं. इनलँड की कोस्टल. सगळी मतं कोस्टलला. मग शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मारतहळ्ळीहून, त्याचा फोन, "आई, तोच जास्त सीनिक आहे गं. बाबांना बरं वाटेल. घाटात चालवशील ना?"
चालवेन की. ह्यांना दिसेनासं झालं तेव्हा साठाव्या वर्षी शिकले. हे शेजारी बसून क्लच क्लच ओरडायचे. आता घरात चालवणारी मी एकटी.
उडुपीला हॉटेल बुक केलं म्हणून सांगितलं. केलं हुबळीला.
"खोलीतून समुद्र दिसतो ना?"
"दिसतो."


१४ जाने., संक्रांत
शेजारची सावित्रक्का एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इथला तिळगूळ, घेऊन आली. हे तिला दारातच धरून कन्नडमधून समुद्र सांगत बसले. कोणता घाट, कुठे पहिल्यांदा पाणी दिसतं, मावळती बघायला कुठे थांबायचं. माणूस कधी थांबायचं बोलला नव्हता जन्मात.
अक्का माझा हात दाबून म्हणाली, "पुण्य बरुत्ते निमगे." पुण्य लागेल म्हणे मला.
मी म्हटलं, सरी अक्का, बरं. सणाचा दिवस, गोड बोलायचं असतं.

१८ जाने., रवि.
हे गांधी बाजारातून उन्हाची टोपी घेऊन आले. समुद्रावर ऊन फार लागतं म्हणे. आरशात बघितलं तर नजरेच्या मधलं काही दिसत नाही, म्हणून मला विचारलं, "कशी दिसते?"
"माकडाची."
हसले. खूश आहेत. ते खूश असले की मला जास्तच चीड येते.
हल्ली माझ्याकडे बघायचं तर तोंड दुसरीकडे फिरवून डोळ्याच्या कडेने बघतात. डॉक्टरांनी शिकवलंय. नाहीतरी लग्नापासून असंच बघत आलेत.

२१ जाने., बुध.
दुपारी एकदा वाटलं, सांगून टाकावं. भाजी निवडत होते, हे समोर बसून न दिसणारा पेपर चाळत होते. तोंडावर आलं होतं.
मग उठून ती वही काढली. अकरा तास पाच मिनिटं. राग अजून ताजा आहे. बरं वाटलं बघून.

२३ जाने., शुक्र. हुबळी, लॉज
सहाला निघालो. पीण्या भागातल्या उड्डाणपुलावर हे सावरून बसले, जिथे नोकरी केली त्या जुन्या कारखान्याकडे तोंड करून. टोपी तेव्हापासूनच डोक्यावर. नेलमंगलला डावीकडे हासनचा फाटा, समुद्राकडे जाणारा. मी सरळ गेले.
आत्ता विचारतील, मग विचारतील. तुमकूर गेलं. चित्रदुर्ग गेलं. मला वाटलं, हे फसले.
मग म्हणाले, "दावणगेरे आलं असेल ना? लोण्याचा डोसा खाऊ. तुला कधी खाऊ दिला नाही."
माझी गाडी जरा वाकडी झाली.
"कधी कळलं?"
"नेलमंगलला. इंडिकेटर वाजला नाही."
"मग बोलला का नाहीत?"
"काय बोलू?"
डोसा खाल्ला. लोणी शर्टावर सांडलं. त्यांना दिसलं नाही, मी सांगितलं नाही. तसेच हुबळीपर्यंत आले.

२४ जाने., शनि. सकाळ
इथून यल्लापूरवरून समुद्राकाठच्या अंकोल्याला रस्ता जातो. तीन-साडेतीन तास. पुढे कारवार तासाभरावर. सोहळा उद्या संध्याकाळी, म्हणजे वेळेचीही सबब नाही.
मुद्दाम मोठ्याने सांगितलं हे सगळं. मला वाटलं, मागतील. एकदा मागा, हात जोडा, मी जोडले होते तसे. मग मी म्हणणार होते, ते वाटेत नाही. किती वर्षं तोंडात धरून ठेवलंय हे वाक्य.
हे बूट चढवत म्हणाले, "सरळच घे. दादा वाट बघत असेल."
झालं. मला नाही म्हणायचं होतं, तेवढंही ह्यांनी राहू दिलं नाही.
बॅगा खाली गेल्या. हे गाडीत पट्टा लावून बसलेत. मी अजून वरच, लिहितेय. समुद्राकडे वळले तर माफ केलं असं होईल, आणि मी केलेलं नाही. सरळ गेले तर मी ह्यांच्यासारखी. आईला सांगायला कोणती गोष्ट कमी लाजेची आहे, तेही कळत नाही.
खालून हॉर्न. हेच वाजवताहेत. उशीर होतोय म्हणे.
वाजवू देत.