तुझं ताट आधी

आई,

दुपारचे चार वाजलेत आणि मला इतकी भूक लागली आहे की शेजारच्या घरातल्या फोडणीच्या वासानेसुद्धा रडू येईल. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी जेवण कमी करायला सांगितलं. काय खायचं, किती खायचं, सगळं समजावलं. भुकेचं काय करायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही. सून म्हणते, "आई, पाणी प्या." पाणी पिऊन पिऊन पोटाची घागर झाली, भूक आहे तिथेच आहे. हसू नकोस. सांगलीच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मी डब्यांकडे टक लावून बसले आहे आणि मला तू आठवते आहेस, मलकापूरच्या आपल्या घरात चुलीपुढे बसलेली, भाकरी थापणारी, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त भुकेली.

तू तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर असशील. चांगली जाडजूड होतीस, आणि बेंबीपाशी हर्नियाची गाठ आलेली. खोकला आला की पदराआडून हाताने ती दाबून धरायचीस. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, आणि तोवर आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. बाबा पलटणीत, लांब सरहद्दीवर. तुझ्यासोबत मी आले होते, कारण मला पाट्या वाचता यायच्या. घरी आल्यावर काकांनी थट्टा केलीच. "वैनी, दवाखान्याच्या काट्यावर भागलं का? न्हाईतर उसाच्या गाडीसंगं कारखान्याच्या काट्यावर न्हेतो." सगळ्यांत मोठ्याने तूच हसलीस. पण येताना एस.टी.त तू माझा हात एकदाही सोडला नव्हतास. "तुझं बाबा येईस्तवर मला ऱ्हायला पायजे गं," एवढंच म्हणाली होतीस.

तुझं माहेर आटपाडीकडचं. दुष्काळ सरून जेमतेम दोन-तीन वर्षं झालेली. तुझे भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडून सरकारी सुकडीवर जगले होते, आणि इथे तुला सांगितलं जात होतं की कमी खा. माणूस आपणहून जेवण सोडतो ते फक्त देवासाठी, एवढंच तुला ठाऊक. म्हणून तू उपासच धरलास. दिवसभर नुसत्या चहावर काम. गल्लीत सगळ्यांना वाटलं, हिने नवस बोलला आहे, बहुतेक नवऱ्यासाठी. मग काय विचारतेस! कुणी शाबूची खिचडी आणून देतंय, कुणी उकडलेली रताळी, कुणी शेंगदाण्याचे लाडू. "उपासाला चालतंय, खावा." नाही म्हणशील तर त्यांच्या श्रद्धेचा अपमान. आणि संध्याकाळी आबा, काका, गडी, आम्ही पोरं जेवून उठलो की बायकांची पाळी. तोवर तू दिवसभराची भुकेली असायचीस. टोपल्यातल्या उरलेल्या भाकरी, कालवणाचा तळ, आमच्या ताटातलं टाकलेलं, सगळं तू संपवायचीस. अन्न वाया घालवायचं नाही हे आटपाडीच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पुढच्या खेपेला मिरजेत काटा आणखी पुढे गेला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सकाळपासूनचं सगळं विचारलं, आणि तू शेवटी जेवतेस म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. "अहो बाई, भूक इतकी ताणल्यावर कुणाचाही हात आवरायचा नाही. थोडंच खा, पण वेळेवर खा. घरात आधी तुम्ही जेवा." तू माझ्याकडे पाहिलंस, मग जमिनीकडे. "पुरुषमाणसांच्या आदी? मी कशी बसू, बाई?" त्या म्हणाल्या, "पाटावर बसा." मला हसू फुटलं आणि तू मला चिमटा काढलास.

तो दिवस मला आजही जसाच्या तसा दिसतो. दुपारची वेळ. काकू चुलीपाशी. तू ताट घेतेस. एक भाकरी, मेथीची भाजी, पाल्यासकट मुळा, तांब्याभर पातळ ताक. पाट भिंतीकडे तोंड करून मांडत नाहीस, दाराकडे करून मांडतेस. दोन घास होतात न होतात तोच आबा रानातून येतात. नेहमीच्या आधी. आबांसमोर आपल्या घरात बायका मोठ्याने बोलतसुद्धा नव्हत्या. काकूच्या हातातली भाकरी हातातच राहते. तू उठणार, असं मला वाटतं. तू डोक्यावरचा पदर सारखा करतेस आणि म्हणतेस, "मामंजी, वाईच थांबा. माझं जेवान हुतंय."

आबा उंबऱ्यात उभे. "आता बायका आदी जेवायच्या व्हय?"

"व्हय. भूक लय वाढली की माझं माझ्या हातात ऱ्हात न्हाई. मला मरायचं न्हाई, मामंजी."

आवाज चढलेला नव्हता. आबा वळले आणि परत रानात गेले. काही दिवस ते दुपारचं घरी जेवलेच नाहीत. भाकरी रानात मागवायचे. गल्लीत कुजबुज झाली. काकूने तुझ्याशी बोलणं कमी केलं. तू रोज त्यांची भाकरी फडक्यात नीट बांधून द्यायचीस, वर ठेचा, कांदा, आणि मग स्वतः पाटावर बसायचीस. एके दिवशी आबा आपले आपण येऊन ओसरीवर टेकले. "गार भाकरी खाऊन कटाळलो," म्हणाले. तुझं ताट तेव्हा अर्धं झालेलं. आबा तंबाखू मळत बसून राहिले. तू घाई केली नाहीस. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ धीट माणसं पाहिली, आई, पण मुळा चावत बसलेल्या तुझ्याएवढं धीट कुणी नाही.

भूक काही लगेच गेली नाही. चार वाजता यायचीच. तू म्हणायचीस, "आली की तिला बसायला सांगायचं, लगीच वाढायचं न्हाई." मग तू धुणं घेऊन रानातल्या पाटाच्या पाण्यावर जायचीस. तरीही राहिलीच तर मूठभर फुटाणे, एकेक दाणा चावून. भाकरीसुद्धा तू इतकी सावकाश खायचीस की मला कंटाळा यायचा. उरलेलं पोटात ढकलायचं नाही, म्हणून पीठच मोजून मळू लागलीस. एकदा काकांना भाकरी कमी पडली तर उठून पुन्हा थापलीस, पण टोपल्यात उरू दिली नाहीस. जे उरे ते म्हशीला. पहिल्यांदा घातलंस तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून तू रडलीस, ते मी पाहिलं आहे.

ऑपरेशन झालं. बाबा रजेवर आले तेव्हा दारातच थबकून म्हणाले, "ही कोन पावनी आलीया आमच्यात?" तू लाजलीस आणि आत पळालीस. त्यानंतर तू कितीतरी वर्षं जगलीस, आणि रोज आधी जेवलीस. पुढेपुढे काकूही तुझ्याशेजारी पाट मांडू लागली.

आणि मी? मी बँकेत नोकरी केली, माणसांवर हुकूम चालवला, महिला दिनाला तुझी ही गोष्ट सांगून टाळ्या मिळवल्या. पण लग्न झाल्यापासून घरातल्यांच्या आधी मी एकदाही ताट घेतलेलं नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. माझ्या उंबऱ्यात कुणी सासरे उभे नव्हते. आत्तासुद्धा सून विचारून गेली, "आई, तुमच्यापुरतं आधी वाढू का?" आणि मी म्हटलं, "येऊ देत सगळ्यांना."

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. मला भूक लागली आहे, आणि एकटीने ताट घेऊन बसायची मला लाज वाटते आहे. आबांसमोर त्या दुपारी तुलाही वाटली होती का गं? ते मी तुला कधी विचारलंच नाही.