सुलू, तुझी नजर मला हवी होती

प्रिय सुलू,

परवापासून नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना यकृताचे आजार शिकवायचे आहेत. टिपणं काढायला बसले आणि तिसऱ्याच ओळीला अडले. ‘कावीळ पाहायची तर रोग्याला खिडकीशी न्या, दिव्याच्या पिवळ्या उजेडात ती कळत नाही.’ हे पुस्तकातलं नाही, तुझं आहे. तुला जाऊन वर्ष होत आलं, तरी माझ्या वहीत तूच बोलतेस. म्हणून आज तुलाच लिहिते.

तुझा मला पहिल्या दिवसापासून हेवा वाटला. मी डहाणू स्टेशनातल्या पार्सल क्लार्कची मुलगी, इंग्रजी बरं असलेली. तू खाडीकाठच्या कोळ्यांची, अंगाला सुक्या बोंबलांचा वास येतो म्हणून मुली तुझ्या शेजारी बसत नसत. पण वॉर्डात आम्हाला शिकवणाऱ्या ट्यूटर सिस्टर विचारायच्या, “सुलू, तुला काय दिसतं?” मला कधीच विचारलं नाही.

एकदा तू आमच्या घरी जेवायला आलीस. अण्णांनी तुला ताट दिलं आणि तू त्यांच्या हाताकडे पाहत राहिलीस. नंतर मला मोरीशी गाठून म्हणालीस, “कुसुम, अण्णांचे तळवे लालभडक आहेत. उघड्या छातीवर कोळीकिड्याच्या पायांसारख्या लाल रेघा आहेत. पोट सुटलं नाही गं, पोटात पाणी आहे. ते घेतात का?”

दारूबंदीतही अण्णा चोरून घ्यायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. मी म्हणाले, “आमच्या घरी जेवायला आलीस की रोग शोधायला?” आणि महिनाभर गप्प बसले. तू बरोबर ठरू नयेस म्हणून. बापाच्या जिवापेक्षा मला ते मोठं वाटलं, सुलू.

शेवटी पाय सुजले, बोट दाबलं की खळगा राहायचा, तेव्हा अण्णांना आपल्याच हॉस्पिटलात आणलं. पोटातलं पाणी काढलं, मीठ बंद केलं. रोज सकाळी तू टेपने त्यांच्या पोटाचा घेर मोजायचीस, लघवी मापून लिहायचीस आणि हातात पेन्सिल देऊन म्हणायचीस, “अण्णा, नाव लिहा.” मला तो पोरखेळ वाटायचा. एका सकाळी त्यांची अक्षरं एकमेकांवर चढली. मी म्हटलं, झोप झाली नसेल. तू धावत डॉक्टरांना बोलावलंस. यकृताचं विष डोक्यात चढायला लागलं होतं. पोट साफ करायची औषधं दिली, डाळ-अंडी थांबवली, ग्लुकोज लावलं. तिसऱ्या दिवशी अण्णा शुद्धीवर आले आणि त्यांनी विचारलं, “सुलू कुठाय?”

मी उशाशी उभी होते.

ते मी विसरू शकले नाही. पुढे आपण दोघी पास झालो. ट्यूटरच्या कोर्सला एकीला पाठवायचं होतं. आपण एकाच गावच्या, म्हणून मेट्रननी मला विचारलं, “सुलू जाईल ना?” मी म्हणाले, “तिचं लग्न ठरतंय.” मला विचारही करावा लागला नाही. कोर्सला मी गेले. तू तलासरीच्या दवाखान्यात गेलीस.

तिथे वापरलेली सुई उकळायला टाकताना तुझ्या बोटात शिरली. दोन-अडीच महिन्यांनी तू पत्र लिहिलंस, ‘मासळीचा वास सहन होत नाही. लघवी काळ्या चहासारखी होते. खिडकीशी आरसा धरून पाहिलं. कावीळ आहे.’ स्वतःच्या आजारातही तुझं निदान अचूक. खरं सांगू? ते वाचतानासुद्धा मला तुझा हेवा वाटला.

मी तुला भेटायला आले तेव्हा तू रात्री जागून दिवसा झोपत होतीस. मी म्हटलं, “हात पुढे कर, पंजे वर.” तू केलेस. पंजे पंख फडफडल्यासारखे खाली पडत होते, म्हणजे विष तुझ्याही डोक्यात चढलं होतं. तू त्यांच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

“पडतात ना?” म्हणालीस. आणि पंजे पोटावर ठेवत, “कुसुम, माझं लग्न कधी ठरलं होतं गं?”

तुला ठाऊक होतं. कधीपासून? आणि तरी पत्र मलाच का लिहिलंस? मी तुझी चादर सारखी करत राहिले. दुसऱ्या दिवशी विचारायला गेले, तर तुला शुद्ध नव्हती.

अण्णा आजही चालते-फिरते आहेत. दारू सुटली. तुझं नाव निघालं की ते बाहेर जाऊन बसतात, आणि मी आत जळत बसते. मेलेल्या माणसावर कुणी जळतं का? मी जळते.

तुझी आई बाजारात भेटली की माझ्या पिशवीत बळेच मासळी टाकते. “तू तिची मैत्रीण, म्हणजे माझी दुसरी पोर,” म्हणते. तुझ्या नशिबातच तलासरी होती, असं ती समजते.

रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे. ती खाडीवर मासळी वाळत घालत असेल, तिच्या शेजारी बसून सांगेन की ते नशीब नव्हतं, मी होते. तिने हाकललं तर उठून येईन. पण सांगितल्याशिवाय उठणार नाही, एवढा शब्द तुला देते.

तुझी, तुझ्या जागेवर बसलेली,
कुसुम