धोंड्याच्या जेवणाला विष्णू रुसले, त्याची हकीकत

नाशिक,
मंगळवार, १० ऑगस्ट २००४

सौ. सगुणाबाई विहीणबाईंना अनसूयेचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का, ते आधी कळवा. रंगनाथरावांची साखर उतरली असेल आणि लासलगावात कांद्याचा भाव चढला असेल, अशी आशा करते (आधी उलटं लिहिलं होतं, ते खोडलं आहे, वाचू नका). इकडे बाळाला दोन दात आले आणि संपदाचं वजन दीड किलोने वाढलं. फोनच केला असता, पण तुमच्याकडचा फोन रंगनाथरावांच्या खुर्चीशेजारी असतो. मागच्या खेपेला 'जरा विहीणबाईंना देता का' एवढं म्हणायची संधी मी बारा मिनिटं शोधत होते. शेवटी त्यांच्या सत्काराबद्दल त्यांचं अभिनंदन केलं आणि ठेवून दिला. म्हणून पत्र.

पहिल्यांदा आभार मानते, कारण ते राहून गेलेत. चैत्रात संपदा एक पिशवी आणि कडेवर बाळ घेऊन माझ्या दारात उभी राहिली. आठ दिवसांनी तुम्ही जीपने आलात. मी भांडायची पूर्ण तयारी ठेवली होती, दोन वाक्यं तर पाठच केली होती. तुम्ही चहा घेतलात, तिच्याकडे नीट पाहिलंत आणि म्हणालात, "ऱ्हाऊ द्या तिला इथंच. पोरगी पार वाळून गेली." माझी दोन्ही वाक्यं वाया गेली. मुलाची आई असं बोलते, हे मी पुस्तकातही वाचलेलं नव्हतं, आणि मी बरंच वाचलं आहे. (शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण आमच्या ह्यांनी दर शनिवारी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झालं. ते जाऊन सहा वर्षं झाली. आता शनिवारी मीच जाते. एक पुस्तक मला आवडेल असं आणते आणि एक त्यांनी आणलं असतं असं. दुसरं बहुतेक वेळा चांगलं निघतं.)

संपदाचं दुखणं सांगायला अवघड होतं, कारण अंगावर वळ नव्हता. मयुरेशरावांनी कधी हात उगारला नाही, दारू नाही, जुगार नाही. फक्त घरात सगळं त्यांच्याबद्दल असायचं. हिला ताप आला की त्यांना किती काळजी वाटते याचं कौतुक हिने तापातच करायचं. दूध उतू गेलं, तर त्यात त्यांचा अपमान. बी.एड. झालेली माझी मुलगी माझ्या घरी येऊन मला विचारू लागली, "आई, लाइट लावू का?" तेव्हा मला भीती वाटली. संपदाने तेव्हाच सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत बघेन, काही फरक पडला तर जाईन, नाही तर नाही. म्हणून आम्ही तृप्ती मॅडमकडे जायला लागलो.

मॅडम चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतात. दर गुरुवारी नवरा-बायकोला समोरासमोर बसवून बोलायला लावतात. मी बाहेरच्या बाकावर बाळ घेऊन. (कान लावून ऐकत नव्हते. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला आवाज दाराने अडत नाही.) जावईबापू यायला लगेच तयार झाले, कारण बाई शिकलेल्या आहेत, म्हणजे आपलंच म्हणणं त्यांना पटणार, अशी त्यांची खात्री होती. पहिल्या दिवशी प्रमाणपत्रांची फाइल नेली, त्यात सातवीतल्या गीतापठणाचंही होतं. पाऊण तास ते बोलले. मग मॅडमना खुर्ची खिडकीकडे सरकवायचा सल्ला दिला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "बाई हुशार आहेत, आई. बरंच शिकल्या आज."

पुढच्या गुरुवारी मॅडमनी नियम घातला. पाच मिनिटं संपदा बोलेल, मयुरेशराव ऐकतील, आणि मग तिने काय सांगितलं तेवढंच परत म्हणून दाखवतील, स्वतःचं काही न घालता. सोपं वाटतं ना? संपदा म्हणाली, बाळंतपणापासून माझी पाठ दुखते. जावईबापूंनी म्हणून दाखवलं, "हिची पाठ दुखते. माझी जास्त दुखते, पण मी बोलत नाही." मॅडम म्हणाल्या, पुन्हा. असं ज्येष्ठ संपला, आषाढ संपला. मॅडम नाव द्यायची घाई करत नाहीत. मला एवढंच म्हणाल्या की काही माणसांना कौतुकाची भूक असते आणि पोट भरल्याचं त्यांना कळतच नाही. स्वभाव मुळापासून बदलेल असं वचन मी देत नाही, म्हणाल्या, सवयी बदलतात का पाहू. मला त्या बाई आवडल्या. खोटं बोलून धीर देत नाहीत.

मग त्यांनी दुसरा नियम घातला की एक महिना घरात कोणीही मयुरेशरावांचं कौतुक करायचं नाही. निंदाही नको. साध्या माणसासारखं वागवायचं. मी हो म्हटलं, घरी आले, कालनिर्णय पाहिलं आणि कपाळाला हात लावला. अधिक महिना लागत होता. तीन वर्षांनी एकदा येणारा, ज्यात जावयाला विष्णू मानून पाटावर बसवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि ओवाळायचं. शास्त्र म्हणतं विष्णू, मॅडम म्हणतात माणूस. मी परत चष्म्याच्या दुकानाचा जिना चढले. मॅडम बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, वाण द्या, स्तुती करू नका.

रविवारी धोंड्याचं जेवण केलं. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सगळं रीतसर. आणि तुपात सोडला तो प्रत्येक अनारसा हसला. एक फुटला तर हात बसला नाही म्हणावं, माझे ओळीने सगळे विरघळून जाळी झाले. तेहतीस मोजायचे कसे, तुकडे होते. शेवटी अंदाजाने ताट भरलं. ओवाळायला शेजारच्या कुसाबाईंना बोलावलं, कारण मी ओवाळलेलं चालत नाही म्हणतात. (ह्यांना ओवाळताना दर पाडव्याला मी घाई करायची, कारण गॅसवर काहीतरी असायचं. आता गॅसवर काही नसतं.) माझी चूक एवढीच, की मॅडमचा नियम कुसाबाईंना सांगायचा राहिला.

त्या मूळच्या सिन्नरकडच्या, आवाज मोकळा. तबक घेऊन पुढे झाल्या आणि सुरूच झाल्या, "काय रूप हाय जावयाचं, साक्षात इष्णू बसलाय पाटावर. लय भाग्याची बाई तुमची पोर." तीन आठवडे उपाशी राहिलेल्या जावईबापूंचा चेहरा असा उजळला की निरांजन फिकं पडलं. तेवढ्यात त्यांची नजर ताटात गेली. "हे काय आहे?" मी सांगितलं, अनारसे. ते म्हणाले, "विष्णूला चुरा?" आणि पाटावरून उठले. आपला मान कोणी ठेवत नाही, स्वतःच्या आईच्या घरी असं कधी झालं नव्हतं, हे सगळं उभ्यानेच.

आणि विहीणबाई, संपदा म्हणाली, "बसा." आवाज चढवला नाही. "माझी पाच मिनिटं आहेत." ते बसले. बहुधा आश्चर्याने. ती बोलली. आईचे हात तीन दिवस पाण्यात होते. अनारसे बिघडले तेव्हा मला रडू आलं, ते अनारशांसाठी नाही, आता तुम्ही काय म्हणाल म्हणून. मला तुमच्या घरी दुधाची भीती वाटते, मिठाची भीती वाटते, बेल वाजली की वाटते. मला भीती वाटते तिथे मी बाळाला वाढवणार नाही. कुसाबाईंना तबक खाली ठेवायचं सुचलं नाही. पाच मिनिटं जळती निरांजनं धरून उभ्या होत्या.

मग जावईबापू म्हणायला लागले. आईंचे हात तीन दिवस पाण्यात होते. तुला रडू आलं. तुला माझी भीती वाटते. "आणि मी..." असं म्हणून ते थांबले. मी डोळे मिटून घेतले. पण पुढे काही आलंच नाही. त्यांनी चमचा मागितला आणि चुरा खाल्ला, दोनदा घेतला.

निघताना त्यांनी संपदाला विचारलं, "येतेस का?" विचारलं, सांगितलं नाही, हे लक्षात घ्या. ती म्हणाली, "आत्ता नाही." त्यावर त्यांनी गाडी काढली आणि गेले. (कोपऱ्यावर थांबून त्यांनी मॅडमना फोन केला, आवाज दारापर्यंत आला, की आज मी उत्कृष्ट ऐकलं. असो. उत्कृष्ट नाही, पण ऐकलं खरं.) संपदा परत येईल की नाही, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. तिने जुन्या ओळखीतल्या शाळेत अर्ज टाकला आहे आणि गुरुवारही चालू ठेवलेत. मात्र काल संध्याकाळी मी पुस्तक वाचत होते तेव्हा तिने न विचारता लाइट लावला. मी मान वर केली नाही. पान दिसेनासं झालं होतं, पण ते अंधारामुळे नव्हे. हे सगळं तुमच्यामुळे झालं, हे विसरणार नाही.

रंगनाथरावांना नमस्कार, बाळाचा पापा.

तुमची
अनसूया

ता.क. पाकिटावर मी 'अनारशांची कृती' असं लिहिलं आहे, म्हणजे तुमच्या आधी कोणी उघडणार नाही.

ता.क. २. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. चैत्रात तुम्ही निघताना मोरीत हात धुताना म्हणाला होतात, "बापासंगं बत्तीस वर्सं काढली मी, लेकाचं काय नवल मला." मी ऐकलं नाही असं दाखवलं, ते चुकलं. एकोणीस तारखेच्या गुरुवारी साडेचारची वेळ मी तृप्ती मॅडमकडे मागून ठेवली आहे. मयुरेशरावांसाठी नाही, तुमच्यासाठी. एकट्या या, मी स्टँडवर येते.

ता.क. ३. काय बोलायचं ते ठरवून येऊ नका. मी पहिल्यांदा एकटी आत गेले ती जावयाबद्दल सांगायला, आणि पाऊण तास ह्यांच्याबद्दल बोलून आले. सहा वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं.